आजार कोणाचा, फोनवर बोलतो कोण?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई आणि मोर्वा ही गावे लागतात. भातशेती आणि मिठागरे ही या पट्ट्याची जुनी ओळख. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, शहर दाराशी आले. पण घरातले म्हातारे माणूस दवाखान्यात न्यायचे म्हणजे कोणाला तरी कामाचा खाडा करावाच लागतो. म्हणून हल्ली आधी डॉक्टरांना मोबाईल लावला जातो. तुमच्या गावीही असेच चालले असेल.

यात गैर काही नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने नियम जाहीर केले. नोंदणीकृत डॉक्टर त्यांनुसार फोनवर, चित्रफोनवर किंवा लेखी संदेशावरून सल्ला देऊ शकतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा घरबसल्या सल्ल्यासाठी खुली झाली. तेथे पैसे पडत नाहीत आणि औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते. रक्तदाब किंवा साखरेचा जुना आजार असेल, डॉक्टर ओळखीचे असतील, तर तपासणीचा कागद मोबाईलवर पाठवून एक हेलपाटा नक्की वाचतो.

पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. माणूस दवाखान्याच्या दारातून आत येतो तेव्हापासूनच डॉक्टर त्याला पाहत असतात. चाल कशी आहे, दम लागतो का, पापणीच्या आत रंग फिका आहे का, पोट दाबल्यावर कुठे दुखते, हे सारे न सांगता कळते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर जे काम केले, ते रुग्णाच्या उशाशी बसून, त्याचा रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहूनच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फोनवर मात्र डॉक्टरांच्या हाती बहुतेक तुमचे शब्दच असतात.

आणि ते शब्द कोणाचे? मोबाईल असतो मुलाच्या खिशात. तो सांगतो, “आईला कणकण आहे, गोळी सांगा.” आई असते चुलीपाशी. लघवीला जळजळते, अंगावरून जाते, या गोष्टी तिने मुलाला कधी सांगितलेल्याच नसतात. दवाखान्यात ती नर्सबाईच्या कानात तरी बोलली असती. ओटीवर मोठ्या आवाजात लावलेल्या फोनवर, चार माणसांत, ती काय बोलणार? मग तापाची गोळी येते आणि खरा आजार अंगावर निघतो. आपल्या घरांत बायकांची दुखणी आधीच मागे पडतात. मोबाईलने त्यांत भर पडू नये.

तेव्हा एवढे करा. फोन लावल्यावर तो आजारी माणसाच्या हाती द्या. घरातली बाई बोलत असेल तर इतरांनी बाहेर जावे. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे सांगावे. फोन करण्यापूर्वी दुखणे केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, झाडपाला घेतला का, कोणते औषध बाधते, दिवस गेले आहेत का, हे कागदावर लिहून ठेवा. आलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. शेजारणीला लागू पडलेली चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

डॉक्टर म्हणाले, “प्रत्यक्ष दाखवायला आणा,” तर ते टाळाटाळ करतात असे समजू नका. फोनवरून जे समजत नाही ते प्रत्यक्ष पाहण्यासाठीच ते बोलावतात. काही औषधे तर फोनवरून लिहून देण्यास त्यांना मनाईच आहे. छातीत कळ, धाप, सर्पदंश, एका अंगाची शक्ती जाणे, बाळंतपणातला रक्तस्राव, यांत सल्ल्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि थेट रुग्णालय गाठा.

मोबाईलने डॉक्टर जवळ आले, हे चांगलेच झाले. पण घरातल्या कोणाचे दुखणे त्यांच्या कानी पोहोचते आणि कोणाचे पोहोचत नाही, हे तुमच्याच हाती आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकटीला विचारा, “तुला काही होते आहे का?” आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.