कपडे कोणाला बदलतात?



डॉक्टरी कोट घातल्याने एकाग्रता वाढते, असे २०१२ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसले. २०१९ मध्ये तो पुन्हा केला तेव्हा तसे आढळले नाही. बघणारा मात्र नक्की बदलतो. तुरुंगातून सुटलेल्या विल्हेल्म फोग्ट या बूट शिवणाऱ्याला १९०६ मध्ये पोलिसांनी बर्लिनमध्ये राहायला मनाई केली. त्याच ऑक्टोबरात त्याने कॅप्टनचा जुना गणवेश चढवला, तर सैनिकांनी त्याच्या हुकमावरून क्योपेनिकच्या महापौरालाच अटक केली!

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची पद्धत सोडायला सांगितली, ती ही नजर ओळखूनच. व्हिसाच्या कामाला आपणही कडक इस्त्री करून जातो. मग सुट्टीत गावी गेल्यावर रिक्षावाल्याला कपड्यांवरून अरे-तुरे का?