विज्ञानाचा उत्सव पुरे, आता व्रत हवे!

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात 'रामन परिणाम' शोधला. के. एस. कृष्णन हे तरुण सहकारी त्या संशोधनात त्यांच्यासोबत होते. त्या स्मरणार्थ १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. पण साजरा होतो म्हणजे नेमके काय होते? अनेक महाविद्यालयांत फीत कापली जाते, थर्माकोलचा ज्वालामुखी धूर ओकतो, शाळकरी मुले 'हात लावू नका' ही सूचना ऐकत रांगेने पुढे सरकतात. अहवालाला छायाचित्रे जोडली जातात आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत! प्रयोग हाच ज्याचा प्राण, त्या विज्ञानाच्या दारी मुलांच्या हातांना मज्जाव असावा, ही उपासना नव्हे, विटंबना आहे.

विद्यार्थ्यांना वेळ नसतो, ही सबब टिकणारी नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवेला देणे अपेक्षित आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्यातील केवळ ६० तास जवळच्या एकाच जिल्हा परिषद शाळेला दिले, तरी दोन-दोन तासांच्या ३० भेटी होतात. भिंग, चुंबक, लिटमस कागद, मेणबत्ती एवढ्या सामग्रीवर मुले स्वतः कितीतरी प्रयोग करू शकतात. मग हे तास फलक हाती घेतलेल्या फेऱ्यांत का दवडावेत?

विद्यार्थी हा प्रशिक्षित शिक्षक नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने दिले. १९७२ साली तेथे १६ शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. विद्यापीठांतील प्राध्यापक व संशोधक त्यात उतरले, ते शिक्षकाला बाजूला सारून नव्हे, तर त्याला प्रशिक्षण देऊन, सोबत घेऊन. २००२ मध्ये राज्य शासनाने बंद करेपर्यंत, तब्बल ३० वर्षे तो उपक्रम चालला. तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाचा हात बळकट करावा. रिक्त पदे भरण्याचा स्वस्त मार्ग म्हणून त्यांना कोणी राबवू नये.

यात उपकार कोणावर? सहावीच्या मुलाने 'पाण्यात काठी वाकडी का दिसते?' असे विचारले, की पाठांतरावर मिळवलेल्या गुणांचा कस लागतो. आपल्या मातृभाषेत, सोप्या शब्दांत जे सांगता येत नाही, ते समजलेलेच नसते, हे पदवीधराला तेथेच उमगते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समाजसेवेला श्रेयांकांचे स्थान दिले आहे. आता विद्यापीठांनी प्रदर्शनांची संख्या मोजणे थांबवावे आणि किती मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग केला, ते मोजावे. रामन यांना खरे अभिवादन तेच ठरेल.