बाटलीत किती, हे कायद्याने विचारावं

कल्याण जंक्शनवर गाडीतून उतरवलेला गांजा आणि डोंबिवलीत गुडघेदुखीसाठी घरपोच मागवलेलं ‘हेम्प’चं तेल, दोन्ही भांगेच्या एकाच वनस्पतीची. तेवढ्यावरून एक पक्ष म्हणतो, सगळंच बंद करा. या पक्षामागची भीती खरी आहे. ज्या घरातलं पोर व्यसनात गेलं, त्या घराशी वाद घालायची माझी छाती नाही. मागणी मात्र चुकीची आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यानेच गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती ठेवली आणि शेंड्यांशिवायची पानं व बी तिच्यातून वगळलं. धागा आणि बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने २०१८ पासून ती वापरली. २०२१ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी आणि त्याचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. नशा आणणाऱ्या टीएचसीची मर्यादाही ठरवली: किलोमागे बियांत ५ मिलिग्रॅम, तेलात १०. कुमाऊँतली भांगेच्या बियांची चटणी खाऊन कोणी झिंगत नाही.

दुसरा पक्ष मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो गोड बोलतो. ‘शंकराची बुटी, आयुर्वेदातली विजया, नैसर्गिक, हिला कसला कायदा?’ महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ पासून भांगेच्या पानांनाही मादक पदार्थांत धरतो, हे या मंडळींच्या गावीही नसतं. औषध नियमांच्या ‘इ-१’ परिशिष्टात भांग आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना सक्तीची आहे. शिवाय ग्रंथांतली विजया म्हणजे भांगेचं शोधन केलेलं पान. त्यातून सीबीडी हा एकच रेणू वेगळा काढून तेलात घट्ट केला, तर त्याला हजार वर्षांच्या अनुभवाची साक्ष कशी काढता येईल?

आता आकड्यांकडे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांच्या तेलात सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त सुमारे २ मिलिग्रॅम. अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी अमेरिकेने २०१८ मध्ये सीबीडीचं जे औषध मंजूर केलं, त्याचा नेहमीचा डोस दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, १० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ५००. म्हणजे सीबीडीच्या आशेने बियांचं तेल घेणाऱ्याच्या हाती जवळपास काहीच पडत नाही. आणि जिथे सीबीडी खरंच भरपूर असतं, तिथे ते निरुपद्रवी राहत नाही: यकृतावर ताण येऊ शकतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. गुडघे धरलेल्या किती ज्येष्ठांच्या डब्यात रक्त पातळ करणारी गोळी असते, हे कुठल्याही औषधवाल्याला विचारा.

‘बाजार आपोआप शहाणा होतो’ असंही म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलवरचा आकडा जेमतेम ३१ टक्क्यांत बरोबर निघाला. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

म्हणून माझं म्हणणं असं. बियांचं अन्न किराणा दुकानात मोकळेपणी मिळावं. पानांचा अर्क किंवा सीबीडी असेल, तर मात्र दर मिलिलिटरमागे टीएचसी आणि सीबीडी या दोन्ही रेणूंचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असावं, प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळा-अहवाल ग्राहकाला पाहता यावा, आणि विक्री चिठ्ठीवरच व्हावी. खर्च वाढेल, छोटे उद्योजक मरतील, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण आज प्रामाणिक उद्योजकच मरतो आहे, कारण त्याची तपासलेली बाटली आणि शेजारची खोटी बाटली एकाच फळीवर एकाच भावाने उभी असते.

ही सक्ती पोलिसांच्याही सोयीची आहे. रंग बदलणारी प्राथमिक चाचणी टीएचसीचं प्रमाण सांगत नाही. बॅचचा अहवाल सोबत नसेल, तर आईसाठी तेल घेऊन निघालेला मुलगा न्यायवैद्यक अहवाल येईपर्यंत आधारवाडीच्या तुरुंगात बसू शकतो. अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाने नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. नमुने घेऊन लेबलवरचा आकडा पडताळण्याचे अधिकार त्याच्याकडे आजही आहेत. ऑनलाइन येणाऱ्या बाटल्यांपासून त्याने सुरुवात करावी.