बटण दाबलं, नुसतं ‘टक्’!

बाबांची 1995ची कायनेटिक होंडा किकनं सुरू होते, पण त्यांच्या गुडघ्यांना आता किक झेपत नाही. बटण बंद म्हणजे बाबांची गाडीच बंद. परवा बटण दाबलं की नुसता ‘टक्’ आवाज. एका मेकॅनिकनं सांगितलं, स्टार्टर मोटार गेली.

मोटार वाइंडिंगला द्यायला पीण्यात गेलो. तिथल्या कारागिरानं ती उघडू दिली नाही. म्हणाला, “मोदलु मीटर!” म्हणजे आधी मीटर लावा.

बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. बटण दाबल्यावरही 11च्या वर. (9.6च्या खाली घसरली असती, तर दोष बॅटरीचा.) मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून पुन्हा बटण दाबलं. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, दिसले तीन! अर्थिंगच्या वायरीखाली गंज होता. पॉलिश पेपरनं घासलं, बोल्ट आवळला. गाडी पहिल्याच बटणात सुरू.

हेही लक्षात ठेवा:

• मोटार फिरते, इंजिन नाही: वन-वे क्लच बघा.
• इंजिन फिरतं, पण पेटत नाही: प्लग काढून पुसा. टू-स्ट्रोकमध्ये तो तेलानं ओला होतो.
• तपासताना गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. बटण पाच सेकंदांच्या वर दाबू नका.

जुन्या गाडीचे पार्ट सहज मिळत नाहीत. चांगली मोटार उगाच उघडू नका, आधी मीटर!