फारकतीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही एक ठरलेला मार्ग धरला जातो. दोन्हीकडची चार माणसे बसतात, स्टॅम्प पेपर आणतात, 'यापुढे आमचा एकमेकांशी संबंध नाही' असे लिहून सह्या-अंगठे घेतात. नोटरीचा शिक्का बसला की मंडळी मोकळी होतात. त्रास पुढे सुरू होतो आणि तो बहुतेक बाईच्या वाट्याला येतो. म्हणून या विषयावर आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न आज एकत्र घेत आहोत.

नोटरी केलेली फारकत कायद्याने चालते का?

नाही. आपण बौद्ध असलो तरी विवाह आणि घटस्फोटासाठी आपल्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याखाली घटस्फोट न्यायालयच देते. लग्नाची किंवा घटस्फोटाची कागदपत्रे करण्याचा नोटरीला अधिकार नाही, असे केंद्रीय विधी मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावले आहे.

कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, हे खरे. पण तशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. १९५६ साली दीक्षाभूमीवर जुन्या रूढी टाकून दिलेल्या समाजाने फारकतीपुरती तेवढी जुनी रूढी कवटाळावी काय? स्त्रीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झटले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे ते बिल रखडवले हे एक मोठे कारण होते. तो हक्क पंचांच्या कागदावर सोडून देऊ नये.

त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर?

पहिला विवाह कायम असल्याने दुसरा रद्दबातल ठरतो. शिवाय तो गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरदारांच्या घरात खरी गोष्ट निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर उघड होते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी कचेरी कायदेशीर पत्नी कोण ते विचारते आणि दुसरी बाई लेकरांसह हात हलवत परत येते. न्यायालयाचा हुकूमनामा मिळाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये.

कोर्टात गेले तर किती काळ लागतो?

दोघांची संमती असेल तर मार्ग सोपा आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर व्हायचे. हे सहा महिने परिस्थिती पाहून माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. एकाचीच इच्छा असेल तर छळ, व्यभिचार, सलग दोन वर्षे टाकून देणे असे कायद्यात दिलेले कारण सिद्ध करावे लागते. अशा प्रकरणाला वेळ लागतो. माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो.

पोटगी कधीपासून मिळते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या नागपूरच्याच एका प्रकरणातून मिळाले. पत्नीने लहान मुलासह २०१३ मध्ये पोटगीचा अर्ज केला. २०१५ मध्ये कुटुंब न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये व मुलाला वेगळी रक्कम अशी अंतरिम पोटगी २०१३ पासून मंजूर केली. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला, मग दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी थकबाकी १२ आठवड्यांत भरण्याचा आदेश दिला. त्याच निकालात त्यांनी साऱ्या देशासाठी दोन गोष्टी ठरवून दिल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची.

याचा अर्थ हिशेबाने समजून घ्या. दरमहा ५,००० रुपये मिळण्यासारखे असतील आणि 'समेट होईल' म्हणून अर्ज वर्षभर लांबवला, तर ६०,००० रुपये गेले. अर्ज केल्याने समेटाचे दार बंद होत नाही. कुटुंब न्यायालयात आधी समुपदेशकच दोघांशी बोलतात. पूर्वीच्या कलम १२५ चा हा अर्ज १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. घटस्फोट झालेल्या स्त्रीलाही पुनर्विवाह करेपर्यंत या कलमाखाली पोटगी मागता येते.

मुले आणि सामानाचे काय?

पाच वर्षांखालील मूल साधारणतः आईजवळ राहते. त्यापुढे मुलाचे हित कशात आहे ते न्यायालय पाहते. 'मुलांसाठी काही मागणार नाही' असे आईने लिहून दिले तरी मुलांचा पोटगीचा हक्क बुडत नाही. लग्नात बाईला मिळालेले दागिने आणि भांडीकुंडी हे तिचे स्त्रीधन आहे. त्याची यादी करून ठेवावी.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

१९८७ च्या विधी सेवा कायद्याने सर्व स्त्रियांना, तसेच अनुसूचित जातीच्या स्त्री-पुरुषांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धही त्यात येतात, म्हणून पुरुषांनी जातीचा दाखला सोबत न्यावा. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

जाताना लग्नपत्रिका, विवाहाचे प्रमाणपत्र, लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि मिळाल्यास पतीच्या पगाराचा पुरावा घ्यावा.

बैठकीला बसणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. संसार जुळवायला जरूर बसा. तो जुळत नसेल तर स्टॅम्प पेपर मागवू नका, त्या बाईसोबत विधी सेवा कार्यालयापर्यंत चालत जा.