अकरा हजार मालकांचे वीस हजार नोकर

आम्ही रेल्वे कामगार महागाई भत्त्याचे दोन-तीन टक्के मोजून घेणारी माणसे. त्यामुळे महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात २०२२-२३ पासून एकदम ६० टक्के वाढ केली, तेव्हा आमच्यातल्या काही सहकाऱ्यांना ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा हेवाच वाटला. हा टक्का कोणत्या रकमेवर, हे मात्र कोणी विचारले नाही.

हिशोब असा आहे. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यापाड्यांतली बहुसंख्य ग्रंथालये खालच्या वर्गांत मोडतात. ड वर्गाला वर्षाचे अनुदान होते ३०,००० रुपये, ते ४८,००० झाले. यातला निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा पुस्तके, वर्तमानपत्रे व इतर खर्चावर, अशी वाटणी ठरलेली. म्हणजे ड वर्गातल्या ग्रंथपालाला वाढीपूर्वी महिन्याला १,२५० रुपये मिळत, वाढीनंतर २,००० रुपये. क वर्गाचे ९६,००० चे १,५३,६०० झाले. त्यातून वेतनासाठी महिन्याला ६,४०० रुपये निघतात, आणि ते एकाहून अधिक माणसांत वाटले की काय उरते ते वाचकांनीच पाहावे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. खडी फोडणाऱ्याची साडेसहा दिवसांची मजुरी ती ग्रंथपालाची महिन्याची कमाई! यावर आणखी चाळीस-पन्नास टक्के चढवले तरी आकडा तीन हजारांच्या वर सरकत नाही.

एवढ्या पैशात हा माणूस काय करतो? नवी पुस्तके आली की दाखल नोंदवहीत चढवायची, त्यांचे वर्गीकरण करायचे, शिक्के मारायचे. सकाळी वर्तमानपत्रे लावायची. देवघेवीची नोंद ठेवायची, वर्गणी गोळा करायची, पावत्या फाडायच्या. वर्षाचा अहवाल आणि हिशोब तयार करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचवायचे. तपासणीला माणूस आला की एकेक वही पुढे ठेवायची. शिपाई नसेल तर झाडूही स्वतःच मारायचा. अलीकडे गावोगावची मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला ग्रंथालयात बसतात. ती रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत उठत नाहीत, आणि कुलूप लावायला कोणीतरी थांबावेच लागते.

यावर उत्तर मिळते की हे काम अर्धवेळ आहे, ग्रंथालय ठरावीक तासच उघडे असते. हा युक्तिवाद रेल्वेवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आमच्याकडेही कामाच्या तासांच्या नियमांत ‘कंटिन्युअस’ वेगळा आणि ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ वेगळा. गेटमन गाडी येईपर्यंत बसूनच असतो, म्हणून त्याला बारा तासांचा रोस्टर. त्या वर्गीकरणावर आमच्या संघटनांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडण केले. पण निदान भांडायला समोर डिव्हिजनचे कार्यालय होते, रोस्टरचा कागद होता, सही करणारा अधिकारी होता. ग्रंथालय कर्मचाऱ्याने भांडायचे कोणाशी?

सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. राज्यात शासनमान्य ग्रंथालये अकरा हजारांच्या वर आहेत आणि त्यांत काम करणारे वीस हजारांच्या आसपास. कामाच्या बाबतीत हे सगळे एकाच व्यवस्थेचे नोकर आहेत. एकच कायदा, १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. एकच नियमावली, १९७० ची. एकच ग्रंथालय संचालनालय, तेच नमुने, तीच तपासणी. पण पगाराचा विषय निघाला की ही व्यवस्था क्षणात अदृश्य होते. शासन म्हणते, आम्ही फक्त अनुदान देतो, नेमणूक संस्थेची. संस्था म्हणते, आम्ही धर्मादाय, अनुदान आले की देऊ. आणि अनुदान येते हप्त्यांनी, कधी वेळेवर, कधी वर्ष संपत आल्यावर. वीस हजार कामगारांच्या एका फौजेचे अशा रीतीने अकरा हजार तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्यात एक-दोन माणसे.

कायद्याच्या दृष्टीने याचा परिणाम काय होतो ते संघटनेत काम करणाऱ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीला आस्थापनेत वीस माणसे लागतात. ग्रॅच्युइटीला दहा लागतात. राज्य विमा योजनेला दहा. एक माणूस असलेल्या ग्रंथालयाला यातले काहीच सक्तीने लागू होत नाही. पस्तीस वर्षे कपाटे सांभाळून ग्रंथपाल निवृत्त होतो, त्याच्या सत्काराची बातमी ग्रंथालय संघाच्या पत्रिकेत छापून येते, शाल-श्रीफळाचा फोटोही असतो. फंड नाही, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीचा चेक नाही. आमच्या सेक्शनवरच्या एका गावातल्या ग्रंथपालबाई अशाच निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याच टेबलावर बसू लागल्या, कारण तेवढ्या मानधनावर यायला नवीन कोणी तयार होईना.

‘मानधन’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. पगार म्हटले की हक्क आला, म्हणून मानधन. कामगार म्हटले की कायदा आला, म्हणून ग्रंथसेवक. वाचनसंस्कृती, ग्रंथचळवळ, सेवाभाव असे मोठमोठे शब्द या माणसाच्या गळ्यात हार घालावा तसे घातले जातात. स्टेशनमास्तरला कोणी सेवाभावी म्हणत नाही आणि त्याने तशी अपेक्षाही केलेली नाही.

संस्थाचालकांवर सगळा दोष टाकणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळ गावांत निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, एखादा पोस्टमास्तर अशी मंडळी खिशातले पैसे घालून ग्रंथालय चालवतात. वेतनाचा वाटा वाढवावा तर पुस्तकांचा वाटा कापला जातो, पुस्तके घ्यावीत तर ग्रंथपाल उपाशी. पुस्तक आणि पोट यांना एकमेकांसमोर उभे करणारी ही अर्ध्या-अर्ध्याची वाटणी ज्याने काढली त्याने संस्थाचालक आणि कर्मचारी यांच्यात कायमचे भांडण लावून दिले. त्यात २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत सर्व ग्रंथालयांची पडताळणी झाली, आणि त्यानंतर अनेक वर्षे नवी मान्यता व दर्जावाढ बंद राहिली. बोगस ग्रंथालये होती, ती पकडली हे योग्यच झाले. पण जे नेकीने चालवत होते त्यांचाही वर्ग गोठला. इथे माणसाला बढती नसते, ग्रंथालयाचा वर्ग वाढला तरच माणसाचे मानधन वाढते. वर्ग गोठला म्हणजे माणूस गोठला.

महाराष्ट्राला या क्षेत्रात मागासलेला म्हणायची सोय नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. आपल्या उपखंडातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. त्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डेन नावाचे तज्ज्ञ आणले आणि १९११ मध्ये ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. ग्रंथालयाला इमारतीइतकाच शिकलेला, पगारी माणूस लागतो, हे एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १९६७ च्या कायद्याने मात्र सरकारने ग्रंथालय निधीत दरवर्षी निदान २५ लाख रुपये घालावेत एवढेच बंधन स्वीकारले, आणि ग्रंथालय उपकर घेण्याचे टाळले.

शेजारच्या राज्यांनी तो घेतला. मद्रासचा कायदा १९४८ चा, डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नातून झालेला. तिथे घरपट्टीवर उपकर बसवून स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणांकडे देण्याची सोय झाली. आंध्रने १९६० मध्ये, कर्नाटकाने १९६५ मध्ये तोच मार्ग धरला. केरळची ग्रंथालये आपल्यासारखीच लोकांनी उभारलेली, पण १९८९ च्या कायद्याने त्यांच्यावर राज्य ग्रंथालय परिषद आली. तिथे सगळे आलबेल आहे असा अर्थ कोणी काढू नये. स्थानिक संस्था उपकर वसूल करतात आणि ग्रंथालयांकडे भरत नाहीत ही दक्षिणेतली जुनी तक्रार आहे. केरळात गावचा ग्रंथपाल मानधनावरच आहे. तरीही पैशाचा स्वतंत्र उगम असणे आणि दर वेळी मंत्रालयाच्या दारात टक्क्यांसाठी उभे राहणे यात फरक आहे. हैदराबाद, बेळगाव, बडोदा, इंदूर इथल्या आपल्या मराठी वाचकांनी आपापल्या राज्यातला अनुभव या विभागाकडे लिहून पाठवला तर त्याचा महाराष्ट्रातल्या साथींना उपयोग होईल.

आता नव्या श्रमसंहितांबद्दल. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. आपला त्यांना विरोध आहे आणि तो राहील. पण शत्रूच्या किल्ल्यातही एखादा दरवाजा उघडा असेल तर तो पाहून ठेवावा. जुन्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याला अनुसूचित उद्योगांची यादी होती, यादीत नाव नाही तर किमान वेतन नाही. वेतन संहितेत ती यादी गेली आणि किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांपर्यंत नेण्यात आला. ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी हा मुद्दा लेखी मांडायला सुरुवात केली पाहिजे. औद्योगिक संबंध संहितेत मात्र उलटे झाले. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ शब्दाची व्याख्या रुंद केली होती, तिच्यात धर्मादाय संस्थाही बऱ्याच अंशी येत होत्या. नव्या संहितेत धर्मादाय, सामाजिक व परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्थांना व्याख्येतून वगळले आहे. आमची संस्था सामाजिक आहे असे म्हणून कामगाराला दारातूनच परत पाठवण्याची ही सोय. मागणीपत्रे लिहिताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पण कोर्टकचेरीने अकरा हजार मालकांचा एक मालक होणार नाही. त्यासाठी वेगळी रचना हवी, आणि ती शोधायला परदेशात जायचे कारण नाही. महाराष्ट्रातच १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमालाचा प्रश्न असाच होता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे, मालक कोण हे कोणालाच सांगता येईना. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने तो कायदा पदरात पाडून घेतला. मंडळे झाली, मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी, फंड, ग्रॅच्युइटी, रजा द्यायची. विखुरलेल्या माणसाला एक हजेरीपट मिळाला. पुढे १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. मग ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी राज्याचे एक मंडळ का होऊ नये? अनुदानातला वेतनाचा भाग थेट मंडळात जमा व्हावा, पुस्तकांच्या पैशापासून तो वेगळा करावा, मंडळाने दरमहा बँकेत पगार द्यावा आणि फंड कापावा. नेमणूक संस्थेची राहिली तरी चालेल. संस्थांची स्वायत्तता यात कुठेही बुडत नाही, बुडते ती फक्त ‘पैसे आले की देऊ’ म्हणण्याची मुभा.

वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती यांची मागणी ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षे करत आहेत. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी लागू करा, ही घोषणा हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांत नागपूरकरांच्या कानांना सवयीची झाली. शिफारशी अंगावर धूळ घेऊन आहेत. मोर्चा विधानभवनापासून दूर अडवला जातो, शिष्टमंडळ आत जाते, निवेदन दिले जाते आणि रात्रीच्या गाडीने सगळे परत. त्या मोर्च्यात कोणी मोठी संघटना शेजारी उभी नसते, कारण हा कामगार कोणाच्याच खात्यात धरलेला नाही. आमच्याच रेल्वेत एके काळी प्रकल्पांवरचे कॅज्युअल लेबर असेच बेवारस होते. वर्षे पुरी होऊ न देता सेवा तोडायची, पुन्हा नव्याने घ्यायचे. १९८५ मध्ये इंद्रपाल यादव खटल्याचा निकाल लागला आणि त्यांना टेंपररी स्टेटसची वाट मिळाली. न्यायालयात लागतो तो पुरावा, म्हणजे नेमणुकीच्या तारखा आणि हजेरीचे कागद, त्या वेळी मस्टरमधून एकेक ओळ शोधून जमा करावा लागला होता.

तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाखेने येत्या दोन महिन्यांत आपल्या तालुक्यातल्या शासनमान्य ग्रंथालयांत जाऊन पुढील माहिती घ्यावी: ग्रंथालयाचा वर्ग, कर्मचाऱ्याची नेमणुकीची तारीख आणि नेमणूकपत्र आहे की नाही, ग्रंथालय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, प्रत्यक्ष कामाचे तास, हातात पडणारी रक्कम, ती रोख मिळते की बँकेत, आणि शेवटचा हप्ता कधी मिळाला. कर्मचाऱ्याची संमती असल्याशिवाय नाव लिहू नये, गावात एकच नोकरी असलेल्या माणसाची अडचण आपण समजू शकतो. कागद शाखा सचिवाच्या सहीने राज्य कार्यालयाकडे पाठवावेत, आणि जाताना ग्रंथालयाची वर्गणीही भरून यावी.