गिरणगाव : सुधारणा कुणाची आणि सोय कुणाची?

शहर सुधारले पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. गळकी छपरे, तुंबलेली गटारे आणि पोखरलेले जिने कोणालाच नको असतात. परंतु ‘सुधारणा’ हा शब्द मोठा फसवा आहे. जागा सुधारली म्हणजे त्या जागेवर राहणारी माणसे सुधारली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जागा सुधारते आणि माणसे तेथून नाहीशी होतात. मुंबईच्या गिरणगावात गेल्या चाळीस वर्षांत जे घडले, त्याचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा.

समाजशास्त्रात या घटनेला ‘जेंट्रिफिकेशन’ असे म्हणतात. रूथ ग्लास या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनविषयी लिहिताना हा शब्द प्रथम वापरला. कामगारांच्या जुन्या वस्त्यांत मध्यमवर्गीय येऊन घरे घेऊ लागले, घरे दुरुस्त झाली, भाडी वाढली आणि मूळचे रहिवासी बाहेर पडले, हे त्यांनी पाहिले होते. लंडनचा हा अनुभव आपण जसाच्या तसा लालबाग-परळला लावला, तर मात्र आपली फसगत होईल. तेथे एकेक कुटुंब येऊन एकेक घर घेत होते. येथे कापडगिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती आणि तिचे भवितव्य सरकारी नियमातील काही शब्दांनी ठरविले. म्हणून ‘काळाचा महिमा’ किंवा ‘बाजाराचा नियम’ असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येणार नाही.

थोडा इतिहास पाहू. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिली सूतगिरणी काढण्याचा उद्योग आरंभला. पुढील काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि देशावरच्या इतर भागांतून माणसे आली. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी त्याच जागी पथारी पसरी. गावोगावच्या मंडळांचे गाळे, खाणावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, शाहिरांचे फड, रात्रशाळा या सर्वांचे मिळून गिरणगाव झाले. कामगारांसाठी जेवण रांधणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणीचे अर्थकारण केवळ साच्यावर चालत नव्हते, ते या बायकांच्या चुलीवरही चालत होते, हे यावरून लक्षात यावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘संपाने गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. कित्येक मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घालणे पूर्वीच थांबविले होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात कापड निघू लागले होते. संपाने आजारी माणसाला धक्का दिला हे मान्य करू. पण आजार संपाने आणला नव्हता.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. गिरणी बंद पडली तरी तिच्याखालची जमीन राहिली, आणि ती कापडापेक्षा कितीतरी मोलाची ठरली. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक वाटणी सांगितली होती. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदाने व उद्याने यांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाला. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करून नियोजन सुचविले. परंतु २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची होईल, असे ठरले. आता गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असणार ती किती? सारे आवार खात्यांनी, गोदामांनी भरलेले! एका शब्दाने शहराचा आणि कामगारांचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ साली ही दुरुस्ती मानली नाही, तथापि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती ग्राह्य धरली. दरम्यान २००५ सालीच मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

यातून जे उभे राहिले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला. धुराडे तेवढे शोभेला ठेवले. पूर्वी कामगार गिरणीपासून हाकेच्या अंतरावर राहत आणि भोंगा झाला की चालत कामावर जात. आता प्रवाह उलटा झाला. येथे काम करणारे विरार, डोंबिवली, बदलापूरहून येतात. वस्तीच्या मानाने बांधलेली रेल्वे स्थानके आणि अरुंद पूल मात्र तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मेले. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. मनोरे बांधावयास परवानगी मिळते, पण त्यांत येणाऱ्या माणसांनी कोठून चालावे याचा विचार अपघातानंतर होतो. ही कसली सुधारणा?

येथे मला आपल्याच साहित्यप्रेमी मंडळींशी थोडे भांडावयाचे आहे. गिरणगाव म्हटले की चाळीचे गोडवे गाण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. सार्वजनिक गच्ची, एकमेकांच्या घरी वाटीभर डाळ, गणपतीचे दहा दिवस! हे सारे खरे आहे. पण चाळीच्या टोकाला असलेल्या संडासात रात्री दोन वाजता जाणाऱ्या मुलीला विचारा, तिला चाळ किती प्रिय आहे. पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या तिच्या आईला विचारा. मी अशाच एका चाळीत राहते. दहा बाय बारात पाच माणसे निजल्यावर दिवा लावून अभ्यास करता येत नाही, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी गॅलरीत बसते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला चाळीचे स्मारक नको आहे, मला दार लावता येईल अशी खोली हवी आहे. आमच्या चाळीतही सध्या पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर सह्या घेणे चालू आहे, आणि सही करू नका असे मी कोणालाही सांगणार नाही.

मग माझी तक्रार कसली? तक्रार एवढीच की, नवे घर मिळणे आणि त्या घरात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सारी चर्चा पहिलीपाशीच थांबते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. पूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती त्याच जागी वर गेली, हद्दपार झाली नाहीत. हे मोठेच काम झाले. जमीन सार्वजनिक असली आणि सरकारने मनावर घेतले तर माणसे न हलविता वस्ती सुधारता येते, याचा हा पुरावा आहे. परंतु उद्वाहन, पाण्याचे पंप, पहारेकरी यांचा दरमहाचा खर्च आज ना उद्या रहिवाशाच्या माथी येणारच. ज्या घरात एकच माणूस मिळवता, तो ही रक्कम कोठून आणणार? मग घर भाड्याने द्यायचे, स्वतः कल्याण-कर्जतकडे जायचे, आणि पुढे एके दिवशी विकून मोकळे व्हायचे. कोणी हाकलले नाही, तरी माणूस गेलाच!

ज्यांच्या श्रमावर ही जमीन मोलाची झाली, त्या गिरणी कामगारांची स्थिती तर याहून बिकट आहे. २०१२ सालच्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्ज लाखाच्या वर. पुढे घरांसाठी पनवेलजवळचे कोन, नंतर शेलू आणि वांगणी अशी नावे निघाली. ज्या माणसाने परळला हयात घालविली, त्याला वांगणीचे तिकीट काढून देणे हे पुनर्वसन नव्हे. मुंबईतच घर द्या, ही कामगारांची आणि त्यांच्या वारसांची मागणी मला न्याय्य वाटते. ती भीक नाही, ती १९९१ च्या वाटणीतील थकलेली बाकी आहे.

माझ्या मते कोणत्याही पुनर्विकासाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आज येथे राहणाऱ्यांपैकी दहा वर्षांनी किती जण येथेच असतील, आणि त्यासाठी देखभालीचा निधी किती ठेवला आहे? वस्तीतल्या पिठाच्या गिरणीला, शिंप्याला, खाणावळीला नव्या इमारतीत गाळा आहे काय? आणि मैदान, वाचनालय, बालवाडी यांची जागा नकाशावर कोठे दाखविली आहे? या तिन्हींचे उत्तर लेखी मिळाले, तर त्या योजनेला सुधारणा म्हणावे. एरवी तो जमिनीचा व्यवहार समजावा.

वस्तीचे नावसुद्धा बदलते आहे. घरांच्या जाहिरातींतून लोअर परळचा काही भाग ‘अप्पर वरळी’ झाला. परळ म्हटले की घाम आठवतो, वरळी म्हटले की समुद्र! नाव पुसले की त्यामागचा हक्क पुसणे सोपे जाते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला इमारती बांधता येणार नाहीत. पण नियम वाचता येतात, संमतीपत्र वाचता येते आणि शेजारच्या काकूंना त्याचा अर्थ समजावून सांगता येतो. बी.ए.च्या शिक्षणाचा उपयोग काय, असे आम्हांला वारंवार विचारण्यात येते. २००१ साली एका शब्दाने काय केले हे ज्याला उमजले, त्याने शब्द नीट वाचण्याचे शिक्षण निरुपयोगी मानू नये. सही करण्यापूर्वी कागद वाचणारी एक तरी मुलगी प्रत्येक चाळीत असली पाहिजे.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला